ओमानच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा जुना पसारा दिसला आहे, नोंद कशी करू?

टोटलस्टेशन:

नमस्कार मंडळी. मी भूमापनाच्या कामावर ओमानमध्ये असतो. सध्या काम सूर शहराच्या दक्षिणेला, जालानच्या किनाऱ्यालगत चालू आहे. तिथे एक रस्ता व्हायचा आहे आणि त्याच्या मध्यरेषेचे खुंटे मारणं आमच्या तुकडीकडे आहे.

जागा नीट सांगतो. समुद्र, मग वाळूचा उंचवटा, त्यामागे सब्खा, म्हणजे मीठ फुललेली सपाट जमीन, आणि सब्खाच्या आतल्या कडेला खडकाचा बुटका कट्टा. या कट्ट्यावर शिंपले पसरलेत. समुद्र इथून आठशे मीटर लांब आणि कट्टा भरतीच्या रेषेपेक्षा साडेचार मीटर वर, तेव्हा रोजच्या लाटांनी ते आणलेले नाहीत एवढं मला कळतं. पसारा लांबट, साधारण ४० मीटर बाय १५ मीटर. मधेमधे जमीन काळपट आहे, तिथले दगड तडकलेले आणि लालसर झालेले. शिवाय चॉकलेटी दगडाच्या धारदार कपच्या. आणि तळहातावर मावतील असे चपटे गोटे, दोन्ही कडांना समोरासमोर खाच पाडलेली. हे गोटे पसाऱ्याच्या उत्तर टोकालाच जास्त दिसतात.

साइटवरच्या इंजिनिअरचं म्हणणं, हे २००७ च्या गोनू चक्रीवादळाने फेकलेलं आहे. गाडीचा चालक म्हणतो, मासेमारांचा कचरा असेल. मला दोन्ही पटत नाही. आमचा एक खुंटा नेमका या पसाऱ्यात येतो. तो अजून मारलेला नाही आणि तुकडीला तिकडे गाडी घालू नका असं सांगून ठेवलंय. कोणी काही उचललेलंही नाही.

हे माणसाचं की समुद्राचं, ते कसं ओळखायचं? मोजमापाची उपकरणं माझ्याकडे आहेत, पण पुरातत्त्ववाल्यांच्या कामी येईल अशी नोंद म्हणजे नेमकं काय करायचं? आणि सांगायचं कोणाला?

पुळण:

भूगर्भशास्त्र हा माझा विषय, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. पुढचं शंखिनीताईंनी सांगावं, त्यांना निरोप धाडला आहे.

समुद्राने आणून टाकलेले शिंपल्यांचे थर त्या किनाऱ्यावर खरोखर आहेत, तेव्हा इंजिनिअरची शंका तपासूनच बाजूला ठेवा. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, त्याची त्सुनामी ओमानपर्यंत पोचली. सूरच्या खाजणात त्या लाटेने सोडलेला शिंपल्यांचा थर अभ्यासकांनी बारकाईने तपासला आहे. त्यात दोन्ही झडपा जोडलेले शिंपले पुष्कळ निघाले, म्हणजे जिवंत असतानाच उपटून आणलेले. फुटलेल्या तुकड्यांच्या कडा टोकदार होत्या. आणि खाजणात न राहणाऱ्या, बाहेरच्या समुद्रातल्या जाती त्यात मिसळलेल्या होत्या.

माणूस खाण्यासाठी वेचतो तेव्हा चित्र वेगळं दिसतं. जाती मोजक्या असतात, आकार मोठा असतो, झडपा उघडून सुट्या झालेल्या असतात. पोटाला न लागणारी चिल्लीपिल्ली जवळपास नसतात. लाट असं निवडत नाही. रिकाम्या शंखात राहणारे खेकडेही शंख दूरवर नेतात, पण त्यांच्या सोबतीला राख आणि उष्णतेने तडकलेले दगड नसतात. तुमच्याकडे ते दोन्ही आहे.

सब्खाबद्दल एक गोष्ट. हिमयुगाच्या भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तो चढत चढत साधारण सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास आला. त्या काळात अशा सखल जागांत पाणी शिरून खाड्या तयार झाल्या, पुढे त्या गाळाने आणि वाळूने भरल्या. तुम्ही सांगता ती सब्खा बहुधा अशीच भरलेली खाडी आहे, आणि कट्टा म्हणजे तिचा काठ. आठशे मीटर हे आजचं अंतर झालं. तेव्हा पाणी कट्ट्याच्या पायथ्याशी असू शकेल.

शंखिनी:

टोटलस्टेशनदादा, खुंटा थांबवलात आणि गाडी बाहेर ठेवलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. शिंपले हाच माझा विषय. पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले आणि पुढे ओमानच्या किनाऱ्यावर उत्खननात निघालेले शिंपले आणि माशांची हाडं वेगळी करून मोजायचं काम केलं. पुळणकाकांनी सांगितलं त्याला माझा दुजोरा आहे. तुमचं वर्णन माणसांच्या वस्तीचं आहे.

खाचांचे गोटे ही जाळ्याची वजनं. दोरी सरकू नये म्हणून दोन्ही कडांवर टवका उडवलेला असतो. ती उत्तर टोकाला जास्त आहेत, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या सगळ्या मजकुरात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य. का, ते थोडं पुढे सांगते.

आधी ही माणसं कोण, ते. दरवर्षी नैऋत्य मोसमी वारा ओमानच्या अरबी समुद्राकडच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खालचं थंड, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यामुळे तिथे तारली, टूना, सगळ्यांची रेलचेल असते. जमीन रखरखीत दिसली तरी समुद्राने माणसाला हजारो वर्षं पोसलं. सात हजार वर्षांपूर्वी पाऊसही आजच्यापेक्षा बरा होता, खाड्यांच्या काठी तिवरांची दाटी होती. मस्कतच्या कुरूम भागात रास अल-हमरा नावाचं भूशिर आहे, तिथे अशा मासेमारांची वस्ती आणि दफनभूमी सापडली. इ.स.पू. चौथ्या सहस्रकातली शंभरावर दफनं तिथे उकरली गेली. माणूस हातपाय मुडपून निजवलेला, वर दगड, आणि काहींच्या जवळ हिरव्या समुद्री कासवाची कवटी ठेवलेली. मोत्यांच्या शिंपल्यापासून घासून केलेले गळही तिथे मिळाले. या लोकांना धातू माहीत नव्हता, चाक माहीत नव्हतं, पण आपलं माणूस कासवासोबत पुरायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. हे आपल्याला कळलं ते कवटी नेमकी कुठे होती हे कोणीतरी जागच्या जागी टिपलं म्हणून. कवटी आणि सांगाडा वेगवेगळ्या खोक्यांत गेले असते तर उरलं असतं फक्त एक कासव आणि एक माणूस.

आता माझा मुख्य मुद्दा. आपल्याकडे पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर वस्तीचे थर एकावर एक बसलेले असतात, वरचं थोडं हललं तरी खालचं शाबूत असतं. वाळवंटी किनाऱ्यावर बहुतेकदा तसं नसतं. वारा बारीक वाळू आणि राख उडवून नेतो आणि जड वस्तू खाली बसत जातात, धान्य पाखडल्यावर सुपात खडे उरावेत तशा. शे-दोनशे वर्षांच्या किंवा हजार वर्षांच्या अंतराने आलेल्या माणसांच्या वस्तू शेवटी एकाच पृष्ठावर येऊन टेकतात. म्हणजे तुमच्या पायाखाली दिसतंय तीच अख्खी जागा आहे. खाली जपून ठेवलेली दुसरी प्रत बहुधा नाही. थरांनी जे सांगायचं ते इथे वस्तूंच्या आपसांतल्या अंतरांनी सांगायचं असतं. चुलीभोवती कपच्या असतील तर तिथे बसून कोणी दगड फोडला. वजनं एका टोकाला असतील तर तिथे जाळी वाळवली किंवा दुरुस्त केली असेल, आणि ते टोक खाडीच्या तोंडाच्या बाजूला आहे का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. ट्रकचं एक चाक फिरलं की शिंपले फुटतात, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे ही अंतरं पुसली जातात. अशा जमिनीवर चाकांचे चरे कित्येक दशकं तसेच राहतात.

अकाबचं उदाहरण मला फार जवळचं आहे. संयुक्त अरब अमिरातीत उम्म अल-क्वैनच्या खाजणात अकाब नावाचं छोटं बेट आहे. तिथे डुगाँग, म्हणजे समुद्रगायी, यांच्या हाडांचा मोठा ढीग होता. सुरुवातीला समज असा की इथे डुगाँग कापायचे आणि हाडं टाकून द्यायचे. पुढे तोच ढीग पुन्हा उकरताना प्रत्येक हाडाची जागा आणि दिशा टिपली, तेव्हा कळलं की कवट्या ओळीने, तोंडं एकाच बाजूला करून मांडल्या आहेत आणि त्यांच्यासोबत फासळ्याही रचून ठेवल्या आहेत. इ.स.पू. ३५०० ते ३२०० च्या दरम्यान मासेमारांनी विधीपूर्वक उभारलेली ती रचना होती. हाडं दोन्ही वेळा तीच. पहिल्या वेळी कचरा म्हटलं गेलं आणि दुसऱ्या वेळी ते देवस्थान ठरलं, ते फक्त नोंदीमुळे.

आणि तुम्ही ज्या टापूत आहात तिथूनच फार दूर नसलेलं रास अल-जिंझ. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ सर्ज क्लेझिऊ आणि इटलीचे मॉरिझिओ तोसी यांनी १९८५ मध्ये तिथल्या कामाला सुरुवात केली. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या मातीच्या विटांच्या खोल्यांत त्यांना डांबराचे सुमारे तीनशे तुकडे मिळाले. दिसायला काळी ढेकळं. पण एका बाजूला वेताच्या जुड्यांचे, चटईचे आणि दोरीचे ठसे, आणि काहींच्या दुसऱ्या बाजूला समुद्रात होडीला चिकटून वाढणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जिवांचे कवच. म्हणजे वेताच्या होडीला बाहेरून लावलेला लेप, पुन्हा वितळवून वापरायला काढून ठेवलेला. सुमेरच्या, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकच्या, लेखांत ज्या मगान देशाची (म्हणजे या ओमानच्या बाजूची) गलबतं येतात, त्या गलबतांचा हा हाती लागलेला पुरावा. त्याच जागी सिंधू लिपीची चिन्हं कोरलेलं मडक्याचं खापरही निघालं, म्हणजे आपल्या बाजूची माणसं किंवा निदान आपल्या बाजूचा माल त्या किनाऱ्याला लागत होता. ते वाचताना मला दर वेळी भरून येतं. ढेकळं आहेत म्हणून कोणी ती फावड्याने बाजूला सारली असती तर?

आता काम. तुमच्याकडे टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर अचूक मोजणारं यंत्र, आहे, ही चैन पुष्कळ पुरातत्त्ववाल्यांनाही मिळत नाही, तेव्हा तिचा पुरेपूर फायदा घ्या.

पहिल्यांदा पसाऱ्यात शिरू नका. बाहेरून फेरी मारा आणि शिंपले संपतात ती कड टिपा. संदर्भबिंदू पसाऱ्याबाहेर, पक्क्या खडकावर घ्या आणि ते शब्दांतही लिहून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी येणाऱ्याला सापडतील. पसाऱ्यात खिळा, खुंटा, काही ठोकायचं नाही. फोटो मोजण्याच्या आधी काढा, आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी पांढरे शिंपले फोटोत नुसते चकाकतात आणि खाचा दिसतच नाहीत. फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा हवी.

मग आत जाण्यासाठी एकच वाट ठरवा, सगळ्यांनी तिच्यावरूनच जायचं. प्रत्येक जाळ्याच्या वजनाचा, प्रत्येक मोठ्या दगडी गाभ्याचा (ज्यावरून कपच्या उडवल्या तो दगड) आणि प्रत्येक काळ्या डागाचा स्वतंत्र बिंदू घ्या, उंचीसकट. काळ्या डागांची बाह्यरेषा घ्या. शिंपल्यांसाठी दोन-दोन मीटरचे काल्पनिक चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात कोणती जात किती दाट आहे ते न उचलता लिहा. जातीचं नाव येत नसेल तर अ, ब, क म्हणा आणि प्रत्येकाचा जवळून फोटो जोडा. रिकाम्या चौकोनात शून्य लिहाच. कोरी जागा सोडली तर तिथे काही नव्हतं की तिथे कोणी बघितलं नाही, हे नंतर कळत नाही. नोंदींमधली ही उणीव मला सगळ्यात जास्त छळते.

काळ्या मातीत बोट, काडी, काहीही घालू नका. कोळसा असेल तर त्यावरून काळ काढता येतो, आणि तो स्वच्छ हवा.

चाकांचे चरे, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, अलीकडच्या शेकोट्या हेही टिपा. आजच्या मासेमारांचं त्या जागेशी नातं आहे, ते खोडून नोंद करायची नसते. शक्य असेल तर एखाद्या वयस्कर मासेमाराला विचारा की जागेला काय म्हणतात, पाणी कुठवर यायचं, उन्हाळ्यात ते कुठे जायचे. शर्कियातली, म्हणजे तुमच्याच टापूतली, किनाऱ्यावरची कुटुंबं खजुराच्या हंगामात आतल्या बागांकडे जायची, ही रीत कालपरवापर्यंत होती. प्रागैतिहासिक माणसंही वर्षातला काही काळच किनाऱ्यावर असायची की बारमाही, हा मोठा वादाचा विषय आहे. आम्ही त्याचं उत्तर माशांच्या कानातल्या खड्यांवरच्या वलयांत शोधतो. असे पांढरे, कवडीसारखे चकचकीत खडे दिसले तर त्यांचेही बिंदू घ्या.

कट्ट्यामागच्या उंचवट्यावर दगडांच्या राशी असतील तर त्याही बघा. इ.स.पू. ३१०० ते २७०० च्या सुमाराची हफीत काळातली थडगी अशीच कड्यांवर, लांबून दिसतील अशी असतात. रस्त्याच्या कामाला हाताशी आलेला दगड म्हणून ती मोकळी होऊ शकतात. आणि कुठेही माणसाचं हाड दिसलं तर तिथे मोजणंही थांबवा.

कोणाला सांगायचं: वारसा आणि पर्यटन मंत्रालयाला. ओमानमध्ये शाही फर्मान ३५/२०१९ ने आलेला सांस्कृतिक वारसा कायदा लागू आहे, त्याच्या आधी १९८० चा होता. सूर हे दक्षिण शर्कियाचं मुख्य ठिकाण, तेव्हा चौकशी तिथून सुरू करा. तुम्ही नोकरीत आहात, म्हणून आधी तुमच्या वरिष्ठांना लेखी कळवा, तारीख घाला, आणि प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल सांभाळणाऱ्या माणसाला प्रत द्या. खुंटा हलवायचा निर्णय कागदावर आला की तो टिकतो.

आणि कृपा करून निर्देशांक इथे लिहू नका. तुम्ही लिहिले नाहीत हे पाहिलं, तसंच ठेवा.

नकाशे:

शंखिनीताईंनंतर बोलण्यासारखं थोडंच उरतं, पण निर्देशांकांच्या बाबतीत एक भर. ओमानमध्ये जुन्या प्रकल्पांचे नकाशे पीएसडी-९३ या आधारपद्धतीत (निर्देशांक कशाच्या आधाराने मोजायचे ते ठरवणारी पद्धत) असतात, नवी राष्ट्रीय पद्धत ओएनजीडी-१७ आहे, आणि मोबाइलवरचं जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ सांगतं. तुम्हाला हे पाठ असेल, पण तुमची नोंद उघडणाऱ्या पुरातत्त्ववाल्याला असेलच असं नाही. आधारपद्धत आणि जगाच्या नकाशाच्या उभ्या पट्ट्यांपैकी तुमचा पट्टा, म्हणजे यूटीएम ४० उत्तर, प्रत्येक फाइलमध्ये आणि प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. चुकीची धरली तर जागा सरकते, आणि १५ मीटर रुंदीचा पसारा सरकलेल्या बिंदूवर सापडत नाही.

दुसरं, कोरोना. हे अमेरिकेचे १९६० ते १९७२ या काळातले टेहळणी उपग्रह. त्यांची चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. शेवटच्या काही वर्षांतल्या चित्रांत जमिनीवरची दोनेक मीटरची गोष्ट कळते. शिंपल्यांचा पसारा त्यात कदाचित दिसणार नाही, पण सब्खाची जुनी कड, पाणी कुठवर शिरायचं, आणि तिथे तेव्हा एकही रस्ता नव्हता, हे स्वच्छ दिसेल. आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवा. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या धोक्यात असलेल्या जागांची नोंद ठेवणारा इमीना नावाचा प्रकल्प ऑक्सफर्डला २०१५ पासून असंच काम करतो: जागा कुठे, कोणत्या अवस्थेत, धोका कशाचा, किती निकड. तुमच्या नोंदीतही हे चार रकाने ठेवा. मंत्रालयातल्या माणसाला कुठे आधी धावायचं ते यावरूनच ठरवता येतं.

ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, तिथे नियम कडक आहेत. लांब काठीला कॅमेरा बांधून एकमेकांवर चढणारे फोटो घेतलेत तरी त्यांतून चांगला त्रिमितीय नकाशा तयार होतो.

टोटलस्टेशन:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण काम चालू होतं.

कड, बिंदू, चौकोन, सगळं झालं. काठीच्या कॅमेऱ्याने फोटोही झाले. वजनं खरोखरच उत्तरेच्या टोकाला एकवटली आहेत, आणि कोरोनाच्या चित्रात सब्खाचं तोंड त्याच बाजूला उघडं दिसतं. शिंपल्यांमधली सर्वांत जास्त दिसणारी जात म्हणजे लांबट, शंकूसारखा, जाड शंख, करडा, बोटापेक्षा लांब. बऱ्याच शंखांचा मधला भाग फोडलेला आहे. सोबत फोटो जोडतो, निर्देशांक काढून टाकलेत. इथल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी मोठ्या उधाणाला पाणी सब्खात शिरायचं, पण झाडं त्यांनी कधी पाहिली नाहीत.

वरिष्ठांना लेखी दिलं. पर्यावरण बघणाऱ्या बाईंनी लगेच लक्ष घातलं आणि मंत्रालयाला पत्र गेलं. मध्यरेषा जमिनीच्या बाजूला सरकवता येते का, ते मी काढून दिलं आहे. वळणाची त्रिज्या बसते, खर्च फारसा वाढत नाही.

आता अडचण अशी. पाहणीला माणूस येईपर्यंत काही आठवडे जातील. तोवर कोणी उचलून नेऊ नये म्हणून वजनं आणि चांगल्या कपच्या गोळा करून, पिशव्यांवर क्रमांक घालून, कार्यालयात कुलपात ठेवाव्यात, असं एका वरिष्ठांचं मत आहे. हेतू चांगला आहे. बिंदू तर आपण घेतलेच आहेत. मग उचलायला हरकत आहे का?

शंखिनी:

फोटो पाहिले आणि किती आनंद झाला सांगू! हा टेरेब्रेलिया आहे, तिवरांच्या चिखलात राहणारा मोठा शंख. तिवरं नाहीत तिथे तो राहत नाही. आजोबांच्या आठवणीत झाडं नाहीत, त्यांच्या आजोबांच्याही नसतील, पण हा पसारा पडला तेव्हा त्या सब्खात तिवरांचं दाट बन होतं. मधला भाग फोडलेला आहे तो मांस काढण्यासाठी. लाटेने आपटलेला शंख असा एकाच जागी फुटत नाही. तुमच्या इंजिनिअरला हा फोटो जरूर दाखवा.

उचलायचं नाही. तुमच्या वरिष्ठांच्या भावनेचा मान ठेवून सांगते. एका उत्खननाच्या हंगामात एका सद्गृहस्थांनी आम्हाला बादलीभर जाळ्याची वजनं आणून दिली होती, चोरीला जाऊ नयेत म्हणून जपून ठेवलेली. त्यांचं वजन करता आलं, दगड ओळखता आला. बाकी काही विचारावं तर वजनं मुकी. तुमच्याकडे बिंदू आहेत हे खरं, पण बिंदू म्हणजे तुमच्या डोळ्यांना महत्त्वाचं वाटलं तेवढंच. दगडाखाली वाळूत अडकलेला माशाचा मणका, वजनाच्या खाचेत राहिलेला डांबराचा कण, वस्तू कोणत्या कुशीवर पडली आहे, खालची बाजू उन्हाने फिकी झाली आहे की नाही, हे उचलताना जातं. शिवाय परवान्याशिवाय उचललेली वस्तू कार्यालयाच्या कपाटात असणं हे कायद्याच्या दृष्टीनेही तुमच्या कंपनीला अडचणीचं होईल. वरिष्ठांना हे आधी सांगा, ते पटकन ऐकतील.

त्याऐवजी गाड्या वळवा. पसाऱ्यापासून दूर, तुमच्या कामाच्या हद्दीवर मोठे दगड किंवा पिंपं ठेवून वाट बंद करा. पसाऱ्याभोवती रंगीत फीत लावू नका, फीत पाहून लोक मुद्दाम बघायला येतात. कामगारांना त्यांच्या भाषेत सांगा की ही जागा सरकारच्या नोंदीत गेली आहे. बहुतेक माणसं सांगितलेलं ऐकतात.

पाहणीला माणूस येईल त्याला तीन गोष्टी हातात द्या: कच्चे बिंदू त्यांच्या मूळ फाइलमध्ये, तुम्ही काढलेला नकाशा, आणि फोटोंची यादी, ज्यात कोणता फोटो कुठून कोणत्या दिशेला काढला ते लिहिलेलं आहे. जागेवर लिहिलेली वही असेल तर तिचीही छायाप्रत द्या, खाडाखोड आहे म्हणून स्वच्छ करून लिहू नका. काळ काढण्याचा विषय निघेल तेव्हा शंख आणि कोळसा एकाच चुलीतून जोडीने घेता येईल अशी जागा त्यांना दाखवा. समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे शिंपल्याचं वय खऱ्यापेक्षा काही शतकांनी जास्त येतं, आणि तो फरक दर किनाऱ्यावर वेगळा असतो. जोडीने घेतलेले नमुने असतील तर त्या किनाऱ्यापुरता तो मोजता येतो, आणि मग शेजारच्या साऱ्या जागांच्या तारखा सुधारतात. तुमच्या चौकोनांत पूर्वेकडून दुसऱ्या ओळीतला मोठा काळा डाग मला त्यासाठी योग्य वाटतो, त्याच्या कडेला टेरेब्रेलिया चिकटून पडलेले दिसताहेत. त्या डागावरून कोणी चालणार नाही एवढं आजपासून बघा. आणि मध्यरेषेचा नवा आराखडा मंजूर झाला की जुना खुंटा यादीतून काढल्याचं पत्र मागून घ्या, नाहीतर दुसरी तुकडी जुनी यादी घेऊन येईल आणि तिथेच ठोकेल.